तपासणी अहवालात तडे, ओल आणि गंजलेली सळई: हे घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघंही नोकरी करता आणि पहिलंच घर घेताय. जुळे सोलापुरातला पंचवीस वर्षांचा स्वतंत्र बंगला, तळमजला आणि वर एक मजला, तुम्हाला आवडला. इसार देण्याआधी तुम्ही अभियंत्याकडून तपासणी करून घेतलीत, हे फार चांगलं केलंत. पण अहवाल वाचून झोप उडाली. पश्चिमेच्या भिंतीवर ४ मिलिमीटरपर्यंतचे तिरके तडे, वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी भेग, बाथरूमखालच्या छताची उघडी पडलेली सळई, पोर्चच्या कॉलमला उभी चीर, जोत्याजवळ ओल आणि लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार), आणि शेवटी ‘संरचनात्मक स्थैर्याची खात्री देता येत नाही, पुढील तपासणी आवश्यक’ हे वाक्य. मालक म्हणतात, सोलापुरात कुठल्या घराला तडे नाहीत? बँकेच्या व्हॅल्युअरने घर पास केलंय. मग घ्यावं की सोडावं?

या पाच गोष्टींपैकी मला खरी काळजी दोनचीच वाटते: पोर्चच्या कॉलमची चीर आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे तडे. बाकीच्या तीन खर्चाच्या आहेत, धोक्याच्या नाहीत. या दोन्हींचं कारण कळेपर्यंत बिनशर्त इसार देऊ नका, आणि कळण्याआधी घर सोडूही नका.

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण बहुतेक लोक तिथेच खचतात. तुमच्या अभियंत्याने घर डोळ्यांनी पाहिलं, हातोडीने गिलावा ठोकून पाहिला, फोटो काढले. पाया त्याला दिसला नाही, काँक्रीटच्या आतलं लोखंड दिसलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर तो सही कशी करेल? ‘खात्री देता येत नाही’ याचा अर्थ घर पडायला आलंय असा नाही. डोळ्यांची तपासणी जिथे संपते ती जागा त्याने प्रामाणिकपणे सांगितली आहे. अहवाल पुन्हा एकदा वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे त्याने पाहिलं, हा त्याचा अंदाज, हे त्याला पाहता आलं नाही. तिसऱ्या प्रकारची वाक्यं वेगळी काढलीत की पुढे कुठल्या तपासणीसाठी पैसे मोजायचे ते आपोआप समजेल. दोषांची संख्या मोजत बसू नका. बारा बारीक दोष असलेलं घर उत्तम असू शकतं आणि एकाच दोषाचं घर घेण्यासारखं नसू शकतं.

आता पश्चिमेची भिंत. मालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सोलापूरच्या बऱ्याच भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर असतो. ही काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. घराच्या पायाखाली तीच माती असेल तर ती घरालाही दरवर्षी वर-खाली करते. म्हणून जाणता मिस्त्री काळी माती पूर्ण काढून मुरमावर किंवा खडकावर फुटिंग (कॉलमचा पाया) बसवतो. जिथे काळ्या मातीचा थर फार खोल असतो तिथे तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे ही पद्धत रुजवली, ती अशाच मातीसाठी. खर्च वाचवायला कुणी खोदाई अर्ध्यावर थांबवली असेल, तर त्याचा हिशेब भिंतीवर उमटतो.

पण पुष्कळदा असं होतं की कॉलमचे पाये मुरमावर नीट बसलेले असतात आणि मधल्या भिंती, फरशी, पायऱ्या, कंपाउंड वॉल हे सगळं भरावावर किंवा काळ्या मातीवर उभं असतं. सांगाडा हलत नाही, मधलं खाली बसतं. अशा घरात भिंत आणि कॉलमच्या सांध्यात उभी भेग दिसते, फरशी स्कर्टिंगपासून सुटते, पोर्चची पायरी घरापासून वेगळी होते. दिसायला वाईट, पण घराला धोका नाही. याउलट कॉलमचा पायाच खाली गेला असेल तर तडा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, आत-बाहेर दोन्हीकडे एकाच रेषेत दिसतो आणि कॉलमजवळच्या बीमवरही त्याची खूण असते. घराचा कोपरा खाली जात असेल तर तडा वर रुंद आणि खाली अरुंद असतो. भिंतीचा मधला भाग बसत असेल तर उलट. तुमच्या अहवालात रुंदी ४ मिलिमीटर लिहिली आहे, पण ती वर मोजली की खाली, तडा आरपार आहे की नाही, हे लिहिलेलं नाही. अभियंत्याला फोन करून आधी हेच विचारा.

विटांच्या भिंतीत ५ मिलिमीटरपर्यंतचे तडे इमारतींच्या नुकसानीच्या प्रचलित वर्गवारीत किरकोळ धरतात, ५ ते १५ मध्यम आणि त्यापुढचे गंभीर. त्यामुळे ४ हा आकडा एकटा घाबरवणारा नाही. तडा अजून वाढतोय का, हे रुंदीपेक्षा महत्त्वाचं. जुना तडा असेल तर आत धूळ, कोळिष्टकं, जुन्या रंगाचे थर दिसतात आणि कडा बोथट असतात. ताज्या तड्याच्या कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असतो. पूर्वी लांबी-पुट्टीने भरलेला तडा त्याच जागी पुन्हा उघडला असेल तर तो जिवंत आहे असं समजा. तडा आडवा ओलांडून काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची ही जुनी पद्धत अजूनही विश्वासाची आहे. पट्टी तुटली की हालचाल सुरू आहे. मात्र काळ्या मातीचं वागणं मोसमाप्रमाणे बदलतं. मे महिन्यात लावलेली पट्टी सप्टेंबरच्या पावसानंतर पाहिली तर खरं काय ते कळतं, आणि इतके महिने कुठला मालक थांबणार? म्हणून दुसरा मार्ग घ्या.

गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप आणा आणि घराच्या चारही कोपऱ्यांना जोत्याची रेषा, शिवाय वरच्या बीमच्या तळाची रेषा मोजा. फरशीवर मोजू नका, फरशी मुळातच उतार देऊन बसवलेली असते. एकच कोपरा दोन्ही रेषांवर खाली आढळला तर पाया बसल्याचा पुरावा मिळाला. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते असमान असतील तर चौकट वाकडी झाली आहे. सरळ चौकटीत दार अडकत असेल तर ते बहुधा पावसाळ्यात लाकूड फुगल्याने. हे काम एका सकाळचं आहे.

त्या भिंतीच्या बाहेर काय आहे, हेही पाहा. ड्रेनेजचा चेंबर फुटलाय का? गच्चीचं पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडतंय का? जवळ कडुलिंब, उंबर किंवा पिंपळ आहे का? चेंबर गळत असेल तर तिथली माती कायम फुगलेली राहते आणि बाकीची उन्हाळ्यात आकसते, या फरकाने भिंत तडकते. मोठं झाड उलटं करतं, उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतं. अशी कारणं सापडली तर मला आनंदच होतो, कारण ती दुरुस्त करता येतात: पाइप बदला, पावसाचं पाणी लांब सोडा, घराभोवती मीटर-दीड मीटर रुंदीचा पक्का उताराचा पट्टा करा, आणि मातीचा ओलावा वर्षभर सारखा राहील असं बघा. मग तडा शिवून घेतला, म्हणजे त्याला आडव्या सळया बसवून भरला, की तो बहुधा परत येत नाही. कारण न शोधता नुसता तडा भरला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा तिथेच उघडतो.

तरीही शंका राहिली तर भिंतीबाहेर कोपऱ्यातल्या कॉलमजवळ एक खड्डा खोदून फुटिंग कशावर बसलंय ते पाहणं हाच शेवटचा शब्द. मुरूम लागला तर सुस्कारा सोडा. काळी माती लागली तर किमतीची बोलणी तिथेच थांबवा आणि पाया मजबूत करायचा खर्च आधी काढा.

आता कॉलम. इथे भिंतीचा मापदंड चालत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पृष्ठभागावरच्या भेगेची साधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे. म्हणजे विटांच्या भिंतीत जो तडा किरकोळ ठरतो, त्याच्या दहाव्या हिश्शाचा तडा कॉलममध्ये लक्ष देण्याजोगा. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी, सळईच्या रेषेत जाणारी चीर ही बहुतेक वेळा आतली सळई गंजल्याची खूण असते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. नव्या काँक्रीटमधला अल्कधर्मीपणा सळईला जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो वर्षानुवर्षं कमी करत आत शिरतो. कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, असायला हवं. ते निष्काळजीपणे २० वर आलं असेल तर ही प्रक्रिया फार लवकर लोखंडापर्यंत पोहोचते.

आणि पोर्चच्याच कॉलमला का? सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे जवळपास प्रत्येक स्वतंत्र घरात जमिनीखाली मोठी टाकी असते, आणि ती बहुधा पोर्चमध्येच, पुढच्या कॉलमला खेटून. ती टाकी गळत असेल तर कॉलमचं बूड वर्षभर ओलं राहतं, फुटिंगखालची मातीही भिजते. तुमच्या अहवालात टाकीचा उल्लेखच नाही, ही मला मोठी उणीव वाटते. मालकांची परवानगी घेऊन टाकी पूर्ण भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पातळीला खूण करा आणि २४ तासांनी पाहा. त्या दिवशी मोटार चालवायची नाही. पातळी बोटभर उतरली तर कॉलमची चीर, जोत्याजवळची ओल आणि कदाचित पश्चिमेचे तडे, सगळ्यांचं मूळ एकच निघेल. घराचं बांधकाम चालू असताना काँक्रीटला आणि पाणी मारायला बोअरचं खारट पाणी वापरलं होतं का, तेही विचारा. आरसीसीसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. क्लोराइड आत गेलं असेल तर गंज टाकी दुरुस्त करूनही थांबत नाही.

या कॉलमवर तपासण्या करून घ्याच. गिलावा काढून आतलं काँक्रीट उघडं करणं ही पहिली आणि सगळ्यात बोलकी तपासणी. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो, अल्कधर्मीपणा गेलेला भाग तसाच राहतो. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोहोचलाय का ते डोळ्यांना दिसतं. अल्ट्रासॉनिक तपासणीत ध्वनीचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, त्याखाली संशयास्पद. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल तपासणीत आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात; उणे २०० च्या वर असेल तर गंज नसण्याची शक्यता तितकीच. फक्त रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर कुणी ‘काँक्रीट उत्तम’ म्हणत असेल तर ऐकू नका. तो हातोडा फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि जुन्या काँक्रीटचं कवच कठीण झालेलं असल्याने आकडा हमखास चांगला दाखवतो. त्याच मापाने घरातला एखादा कोरडा, चांगला दिसणारा कॉलमही तपासायला सांगा. तुलनेशिवाय आकड्यांना अर्थ नसतो.

पोर्चचा कॉलम वरच्या खोलीचा भार घेतोय की नुसत्या पोर्चच्या छताचा, यावर दुरुस्ती किती मोठी ते ठरतं. खराब काँक्रीट काढून, सळई घासून, लागेल तिथे नवी जोडून, कॉलमभोवती मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या काँक्रीटचं) जॅकेट करणं हे आपल्याकडे नेहमीचं काम आहे. पण ते टेकू लावून, संरचना अभियंत्याच्या आराखड्यानुसार व्हायला हवं. रंगाऱ्याने सिमेंट थापून चालणार नाही.

बाकीचं चटकन सांगतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खालची आडवी भेग ही उन्हाची आहे. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या लाखातल्या एका भागाने प्रसरण पावतं. १० मीटर लांब स्लॅबचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो ३ मिलिमीटर सरकायला बघतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर हे सहज घडतं. गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा नीट करून वर पांढरा, उष्णता परतवणारा थर दिला की भेग शांत होते. बाथरूमखालची सळई ही संक स्लॅबमधल्या (नळांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबमधल्या) गळतीची. वरची फरशी काढून नळ, वॉटरप्रूफिंग सगळं नव्याने आणि खालून सळईची दुरुस्ती, असं दोन्ही बाजूंनी करावं लागेल. नुसतं खालून केलं तर वाया जाईल. सळईचा व्यास किती उरलाय ते मात्र मोजून घ्या. जोत्याजवळच्या लोणा क्षाराला घाबरू नका: तो मातीतल्या क्षारांचा आहे. ओलीचं मूळ बंद करून सुटलेला गिलावा काढला, भिंत वाळू दिली आणि मगच नवा गिलावा केला तर पुरे.

एक प्रश्न मात्र अहवालात नाही आणि तो तुम्हीच विचारायला हवा: वरचा मजला मुळात घराबरोबर बांधला की नंतर चढवला? तळमजल्यासाठी काढलेल्या फुटिंगवर पुढे मजला चढला असेल तर पश्चिमेच्या तड्यांचा अर्थच बदलतो. महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि जागेवर ताडून पाहा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा कागद हवा. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या पट्ट्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात सोलापूर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात धरलेलं आहे. त्यामुळे नंतर चढवलेल्या, हिशेब न केलेल्या मजल्याकडे मी कधीच सैलपणे पाहत नाही.

बँकेच्या व्हॅल्युअरवर विसंबू नका. तो कर्जाला तारण पुरेसं आहे का आणि बाजारभाव किती, एवढंच पाहतो. त्याने कॉलम ठोकून पाहिलेला नसतो, आणि तो अहवाल तुमच्यासाठी नसतो. कायद्याचा आधारही नीट समजून घ्या. रेरा या बांधकाम-नियमन कायद्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्ती ताबा दिल्यापासून बांधकाम व्यावसायिकावर असते. पंचवीस वर्षांच्या जुन्या बंगल्याला तिचा उपयोग नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, मालकाला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न कळणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. म्हणून तुमचे प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर का होईना: टाकी गळते का, कॉलमची दुरुस्ती आधी झाली आहे का, मजला कधी चढवला. शिवाय महापालिका अधिनियमानुसार ३० वर्षं झालेल्या इमारतीला संरचना स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमचं कर्ज फिटायच्या कितीतरी आधी ही वेळ येईल, म्हणजे आज टाळलेला खर्च तेव्हा तुमच्याच दारात येणार.

किमतीबद्दल बोलताना ‘तडे आहेत, कमी करा’ असं म्हणू नका, मालक हसतील. अभियंत्याकडून परिमाणांसह अंदाजपत्रक करून घ्या: इतके चौरस फूट वॉटरप्रूफिंग, इतके मीटर पाइप, एक कॉलम जॅकेटिंग, टाकीचं अस्तर. दोन ठेकेदारांकडून त्यावर दर घ्या आणि तो कागद पुढे ठेवा. उघडल्यावर आत आणखी काही निघतंच, तेव्हा त्यात किमान चौथा हिस्सा वाढवून धरा. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के देऊ शकते. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि ही दुरुस्ती खिशातूनच जाणार. सगळी शिल्लक इसार आणि स्वतःच्या हिश्शात घालवून दुरुस्ती ‘पुढच्या वर्षी’ वर ढकलाल, तर कॉलमच्या बाबतीत ते चालणार नाही. साठेखतात तपासण्यांची अट घाला: कॉलम आणि पायाच्या तपासणीत ठरावीक गोष्टी निघाल्या तर इसार परत.

सोडून द्यावं असं मला तीनच परिस्थितीत वाटेल: फुटिंग काळ्या मातीवर आणि एक कोपरा अजून खाली जातोय, एकाहून अधिक कॉलममध्ये क्लोराइडमुळे गंज, किंवा नंतर चढवलेला मजला आणि कागद नाहीत. मालकांनी गिलावा फोडायला किंवा खड्डा घ्यायला नकार दिला, तर भरून देण्याची लेखी हमी तुम्ही द्या. एका कॉलमचा गिलावा आणि एक खड्डा, हजारांत बसणारं काम आहे. त्यानंतरही नकार आला तर दुसरं घर बघायला लागा. लेव्हलचे आकडे, टाकीची पातळी आणि कॉलमच्या तपासण्या हाती आल्या की फोटोंसह पाठवा. त्यावर नेमकं सांगता येईल.